अजिंठ्यास जाण्यापूर्वीं

प्राचीन अवशेष पाहावयाचे म्हटले कीं, सुशिक्षित मनुष्याच्या मनांत रोम, अथेन्स, पाँपेई हीं भूमध्य समुद्राच्या परिसरांतील नगरें प्रथम येतात. तेथें जाणारा प्रवासी कित्येक महिने आधीं इतिहास वाचतो, नकाशे पाहतो व कोणत्या दिवशीं काय पाहावयाचें हें ठरवितो. आमच्या सिल्लोडपासून सुमारें ४० किलोमीटरांवर अजिंठ्याचीं लेणीं आहेत. त्यांतील सर्वांत जुनीं लेणीं इ. स. ७९ मध्यें पाँपेई नगर राखेखालीं गाडलें गेलें त्याच्याही पूर्वींचीं आहेत. परंतु तीं जवळ आहेत म्हणूनच आपण केवळ शिदोरी बांधून निघतों, आणि पुष्कळ चाललों एवढीच आठवण घेऊन परततों. सुट्टींतील ही सहल सार्थकीं कशी लावावी, याविषयीं विद्यार्थ्यांस व पालकांस चार गोष्टी सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम दिवस ठरवावा. सोमवारीं लेणीं बंद असतात. उन्हाळ्यांत कातळ फार तापतो; पावसाळ्यांत वाघूर नदी व तिच्या उगमाकडील सात कुंडांचा धबधबा मनोहर दिसतो, पण वाटा निसरड्या होतात. यास्तव दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी उत्तम. आपलें वाहन फर्दापूरनजीकच्या फाट्यावर ठेवून पुढील सुमारें चार किलोमीटर तेथील बसनें जावें लागतें; तो वेळही हिशेबांत धरावा व सकाळीं दारें उघडतांच आंत शिरावें.

दुसरी गोष्ट क्रमाची. नालाच्या आकाराच्या कड्यांत सुमारें तीस लेणीं आहेत. त्यांस दिलेले क्रमांक वाटेवरील ओळीचे आहेत, वयाचे नव्हेत. पहिल्या क्रमांकाचें लेणें वस्तुतः उत्तरकालीन आहे. म्हणून आमची सूचना अशी कीं, थेट नवव्या व दहाव्या लेण्यांकडे जावें. हीं दोन्ही चैत्यगृहें सातवाहनकालाच्या सुमाराचीं असून तेथें पूजास्थान म्हणजे साधा दगडी स्तूप. त्यानंतर एकोणिसावें व सव्विसावें चैत्यगृह पाहावें. सुमारें पांच शतकांनंतर कोरलेल्या या लेण्यांत त्याच स्तूपावर बुद्धमूर्ति प्रकट झाली आहे. एका धर्माच्या उपासनेंत केवढें स्थित्यंतर झालें, हें येथें पुस्तकावांचून समजतें. सोळाव्या लेण्यांतील शिलालेख वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा आहे. सतराव्या लेण्यांतील जातककथा व शेवटीं पहिल्या लेण्यांतील पद्मपाणि पाहून परतावें. निवडक आठ लेणीं नीट पाहणें हें तीसांतून धांवत जाण्यापेक्षां बरें.

आंत शिरतांच कांहीं दिसत नाहीं, म्हणून लगेच बाहेर पडूं नये. चार-पांच मिनिटें स्वस्थ उभें राहिलें म्हणजे दृष्टि अंधारास सरावते आणि भिंतीवरील मुखें एकामागून एक उमटूं लागतात.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. इटलींतील भित्तिचित्रें बहुधा ओल्या चुन्यावर काढीत, त्यामुळें रंग चुन्याशीं एकजीव होई. अजिंठ्यास माती, भुसा व वनस्पतींचे तंतु यांचा गिलावा देऊन त्यावर चुन्याचा पातळ थर चढवीत, आणि तो सुकल्यावर रंग भरीत. अर्थात् येथील चित्र भिंतींत मुरलेलें नाहीं. तें तिच्यावर एखाद्या सालीप्रमाणें बसलेलें आहे. बोटाचा स्पर्श, पाठीचा घांस, गर्दीच्या श्वासाची वाफ, या सर्वांनीं तें सुटत जातें.

त्याची नक्कल जपून ठेवावी म्हणाल, तर तोही यत्न झाला आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनीं १८४४ पासून कित्येक वर्षें येथें राहून मोठमोठ्या नकला केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत भस्म झाल्या. पुढें मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांसह जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ ते १८८५ पर्यंत पुन्हां नकला केल्या. त्यांपैकींही पुष्कळ १८८५ च्या आगींत गेल्या. १९२० च्या सुमारास हैदराबाद संस्थानानें खास इटलीहून तज्ज्ञ आणविले. त्यांनीं सुटलेला गिलावा घट्ट बसविला, परंतु वर दिलेलें लाखेचें रोगण कालांतरानें पिवळें पडलें. तात्पर्य, ही भिंत गेली तर तिची भरपाई करणारें कांहींही कोणाजवळ नाहीं.

एप्रिल १८१९ मध्यें शिकारीस आलेल्या जॉन स्मिथ नामक इंग्रज अधिकाऱ्यानें हीं लेणीं जगाच्या नजरेस आणलीं. पण दहाव्या लेण्यांतील खांबावर, चित्रावरच आपलें नांव कोरून ठेवलें. तो ओरखडा अद्याप तेथें आहे. आमच्या मुलांनीं आपलें नांव आपल्या वहीवर लिहावें.

जाण्यापूर्वीं प्रत्येक विद्यार्थ्यानें एकच चित्र निवडावें. उदाहरणार्थ, सर्वस्व दान करणाऱ्या विश्वंतर राजपुत्राची कथा घरीं वडीलमंडळींसमवेत वाचावी. मग सतराव्या लेण्यांत तें चित्र स्वतः शोधावें आणि आपल्या धाकट्या भावंडांस तेथेंच, हळू आवाजांत, ती कथा सांगावी. एवढी तयारी ज्या घरीं होईल, त्या घरच्या मुलांस भिंतीस हात लावूं नका असें निराळें बजावावें लागणार नाहीं.