शाळेची ई-मेल पेटी : तिची मांडणी व उपयोग

शाळेत आलेले पत्र आवक नोंदवहीत चढवावे, त्यास क्रमांक द्यावा, ते विषयवार धारिकेत लावावे आणि उत्तर रवाना झाल्यावर जावक नोंदवहीत तशी नोंद करावी, ही शिस्त शिक्षकांच्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु तेच पत्र ई-मेलने आले म्हणजे ही शिस्त सुटते. शिष्यवृत्ती परीक्षेचे परिपत्रक जाहिरातींच्या ढिगाऱ्यात दडून राहते व मुदत टळल्यावर दृष्टीस पडते. त्याची झळ बसते ती विद्यार्थ्यास.

वेबवरील ई-मेलचे स्वरूप प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. जुलै १९९६ मध्ये सबीर भाटिया व जॅक स्मिथ ह्यांनी हॉटमेल ही सेवा सुरू केली. गूगलची जीमेल सेवा १ एप्रिल २००४ रोजी निघाली. अशा सेवांत पत्रे आपल्या यंत्रात नव्हे, तर ती सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकांत साठविलेली असतात. म्हणून मोबाइल हरवला तरी पत्रे हरवत नाहीत. मात्र खाते उघडण्याचे साधन हातचे गेले, तर सारे दप्तरच बंद होते. पुढील विवेचन जीमेलचे उदाहरण घेऊन केले आहे.

पहिले काम वर्गवारीचे. जीमेलमध्ये धारिकेचे काम 'लेबल' करते. 'शिष्यवृत्ती', 'पोषण आहार', 'वेतन', 'प्रशिक्षण' अशी चारपाच लेबले पुरेशी होतात. एकाच पत्रास दोन लेबलेही लावता येतात; कागदी धारिकेत हे दुसरी प्रत काढल्यावाचून साधत नाही.

लेबल दर वेळी हाताने लावण्याचे कारण नाही. संगणकावर शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर टिचकी मारली असता एक छोटा तक्ता उघडतो. त्यात गटशिक्षण कार्यालयाचा पत्ता भरून 'फिल्टर' तयार करावा. त्या पत्त्यावरून आलेल्या पत्रास लेबल लागावे, तारा लागावा व ते 'स्पॅम'मध्ये कधीही जाऊ नये, असे तीनही हुकूम तेथेच देता येतात. ह्याच तक्त्यात प्रेषक, विषय वा दिनांक भरून जुने पत्रही क्षणात शोधता येते.

'स्पॅम' म्हणजे नको असलेल्या पत्रांचा कप्पा. ही निवड यंत्र करीत असल्याने क्वचित कामाचे पत्रही तेथे जाऊन पडते. तेथील पत्रे ३० दिवसांनंतर आपोआप नष्ट होतात. यास्तव आठवड्यातून एकदा तरी तो कप्पा तपासावा.

दुसरे काम जागेचे. विनामूल्य खात्यास मिळणारी १५ जीबीपर्यंतची जागा पत्रे, ड्राइव्ह व छायाचित्रे ह्यांत मिळून असते. स्नेहसंमेलनाच्या चित्रफितींनी ती भरली, तर नवी पत्रे येणेच थांबते. वरील तक्त्यात आकार १० एमबीहून अधिक असा भरल्यास जड पत्रे एकत्र दिसतात. त्यांतील आवश्यक ती अन्यत्र जतन करून बाकीची काढून टाकावीत.

पाठविण्याच्या कामी दोन सोयी उपयोगी आहेत. धाडलेले पत्र परत घेण्याची मुदत सेटिंग्जमध्ये ३० सेकंदांपर्यंत वाढविता येते; जोडपत्र राहून गेल्याचे बहुधा तेवढ्यातच ध्यानात येते. तसेच शाळेचे नाव, केंद्र, तालुका व युडायस क्रमांक असलेली स्वाक्षरी एकदा लिहून ठेवली म्हणजे ती प्रत्येक पत्राखाली आपोआप उमटते.

शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे. पुष्कळदा शाळेचे खाते एखाद्या शिक्षकाच्या मोबाइल क्रमांकाशी जोडलेले असते. त्यांची बदली झाली म्हणजे परवलीचा शब्द व पडताळणीचा संकेतांक त्यांच्याबरोबर जातो आणि नव्या मुख्याध्यापकांस स्वतःच्याच शाळेची पत्रे वाचता येत नाहीत. म्हणून कार्यभार देताना परवलीचा शब्द, पुनर्प्राप्तीचा मोबाइल क्रमांक व दुय्यम ई-मेल ह्या तीनही गोष्टी नव्या प्रमुखांच्या समक्ष बदलाव्यात व तसा उल्लेख कार्यभार-यादीत करावा. द्विस्तरीय पडताळणी चालू असल्यास १० राखीव संकेतांक मिळतात. प्रत्येक संकेतांक एकदाच चालतो. ते छापून मुख्याध्यापकांच्या कुलुपातील कपाटात ठेवावेत. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल बंद करू शकते, हेही विसरता कामा नये.

ही सारी मांडणी एका दुपारच्या सुटीत होण्यासारखी आहे. त्यानंतर रोज शाळा भरताच पेटी उघडावी, आलेले पत्र आवक नोंदवहीत चढवावे व मुदतीचा दिनांक फलकावर लिहावा. बदली शिक्षकाची होते. दप्तर मात्र शाळेतच राहिले पाहिजे.