सायकल शक्तिमापकाचे अंशशोधन

सायकलस्वार पेडल मारताना किती शक्ती लावतो, हे वॅटमध्ये दाखवणाऱ्या उपकरणास शक्तिमापक किंवा पॉवर मीटर म्हणतात. त्याचा आकडा ज्ञात भाराशी पडताळून दुरुस्त करणे म्हणजे अंशशोधन, अर्थात कॅलिब्रेशन होय. जर्मन अभियंता उलरिच शोबेरर यांनी १९८६ साली क्रँकवर बसणारे एसआरएम हे शक्तिमापक तयार केले. पुढे पेडल आणि मागच्या चाकाचे हब यांत बसणारे प्रकारही प्रचारात आले. आज अनेक खेळाडू आपल्या सरावाची तीव्रता याच आकड्यावरून ठरवतात. तो चुकीचा असेल तर महिनोन् महिने सराव एकतर फार हलका होतो किंवा झेपणार नाही इतका जड.

कार्यपद्धती

भार पडला की क्रँकचा किंवा पेडलच्या आसाचा धातू अतिसूक्ष्म प्रमाणात वाकतो. त्यावर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजचा विद्युतरोध त्यामुळे बदलतो आणि त्यावरून टॉर्क काढला जातो. टॉर्कला कोनीय वेगाने गुणले की शक्ती मिळते. मिनिटाला ९० फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे ९.४२ रेडियन, या गतीला २५० वॅटसाठी साधारण २६.५ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो.

दोन प्रकारचे दोष

शून्य साधण्यालाच कॅलिब्रेशन म्हणण्याची रूढी पडली आहे. अनेक सायकल संगणकांवरही तेच नाव दिसते, पण ते दिशाभूल करणारे आहे. तराजूचा पासंग काढणे वेगळे आणि वजने खरी आहेत की नाहीत हे तपासणे वेगळे. पासंग काढूनही वजनेच खोटी असतील, तर माप खोटेच राहते.

शून्यदोष हा पासंगासारखा असतो. भार नसतानाही उपकरण १ न्यूटन-मीटर दाखवत असेल, तर ९० फेऱ्यांना प्रत्येक वाचनात ९.४ वॅट जादा येतात. ३०० वॅटच्या जोरकस चालीत ही चूक ३ टक्क्यांच्या आसपास, तर १०० वॅटच्या संथ चालीत ती ९ टक्क्यांहून अधिक ठरते. तापमानातील बदल हे या दोषाचे मुख्य कारण. म्हणून घरातून बाहेर काढलेली सायकल हवेच्या तापमानाला येऊ द्यावी (दहा-पंधरा मिनिटे बहुधा पुरतात) आणि मग पेडलवर पाय न ठेवता, क्रँक स्थिर ठेवून शून्य साधावे. क्रँक उभी हवी की कशीही चालते, हे उत्पादकाच्या सूचनेवरून पाहावे. पेडल नव्याने बसवल्यास काही वेळा जोरात पेडल मारून ते घट्ट बसू द्यावे व शून्य पुन्हा साधावे.

उतारदोष मात्र भाराच्या प्रमाणात वाढतो आणि शून्य साधून तो जात नाही.

वजन टांगून तपासणी

अचूक मोजलेले वजन आडव्या क्रँकच्या पेडल-आसाला टांगतात. मागचे चाक फिरू नये म्हणून ब्रेक दाबून धरतात. वजन २० किलो आणि क्रँक १७२.५ मिलिमीटर असल्यास टॉर्क २० × ९.८ × ०.१७२५, म्हणजे सुमारे ३३.८ न्यूटन-मीटर असायला हवा. शून्याचे वाचन वजा करून उपकरणाने ३३.१ दाखवल्यास ते सुमारे २ टक्के कमी दाखवते. खऱ्या २५० वॅटचे २४५ वॅट होतात. गुणक ३३.८ ÷ ३३.१, म्हणजे सुमारे १.०२ इतका वाढवावा लागतो. वजन खरे हवे, हे सांगणे नको. किराणा दुकानातील काट्यावर केलेल्या अंदाजाचा येथे उपयोग नाही. गुरुत्वीय त्वरणही विषुववृत्तावर ९.७८, तर ध्रुवांवर ९.८३ असते, हा फरक अर्ध्या टक्क्याचा आहे. काही उपकरणांत हा गुणक वापरणाऱ्याला बदलता येतो, काहींत तो उत्पादकाकडूनच बदलून घ्यावा लागतो.

अंशशोधनाने न सुटणाऱ्या बाबी

पेडलमधील शक्तिमापकाला क्रँकची लांबी सांगावी लागते. १७२.५ ऐवजी १७० मिलिमीटर नोंदवल्यास आकडा सुमारे दीड टक्का कमी येतो. केवळ डाव्या क्रँकवरचे उपकरण डाव्या पायाची शक्ती दुप्पट करून दाखवते. डावा पाय ४८ टक्केच काम करत असेल तर २५० वॅटचे २४० होतात, मग उपकरण कितीही बिनचूक असो. पेडल आणि मागचे हब यांचे आकडे ताडून पाहणाऱ्यांना हबचा आकडा थोडा कमी आढळतो. त्यात दोष नाही; मधल्या चेनच्या घर्षणात काही टक्के शक्ती खर्च होते.