सर्टिफिकेट देणाऱ्यांचीही परीक्षा

वेबसाइटची ओळख पटवणारी डिजिटल सर्टिफिकेटे देणारे सॉफ्टवेअर ‘कॉमन क्रायटेरिया’ (आयएसओ/आयईसी १५४०८) या निकषांवर तपासतात. मात्र तो शिक्का एका ठरावीक मांडणीपुरताच असतो. तेच सॉफ्टवेअर मनाला येईल तसे बसवले, की शिक्का लागू नाही. जाहिरातीत हे क्वचितच सापडते.

‘रेड हॅट सर्टिफिकेट सिस्टीम’ घ्या. मुळात तिच्यात एकच माणूस प्रशासक, अर्ज मंजूर करणारा एजंट आणि ऑडिटर असे तिन्ही होऊ शकतो. मूल्यमापनाच्या मांडणीत हे चालत नाही. त्यासाठी ‘सीएस.सीएफजी’ फाइलमध्ये ‘मल्टीरोल्स.इनेबल’पुढे ‘फॉल्स’ लिहावे लागते. सहीची खासगी की डिस्कवर नव्हे, एचएसएम या वेगळ्या उपकरणात राहते. ऑडिट लॉगवर डिजिटल सही असते आणि डिस्क भरून लॉग लिहिता येईना, तर यंत्रणा कामच थांबवते. अपरात्री फोन येणाऱ्या ॲडमिनला हा जाच वाटेल; पण नोंदीविना निघालेले सर्टिफिकेट परवडत नाही.

नेदरलँड्समधल्या ‘डिजिनोटार’ या सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीतून २०११ साली घुसखोरांनी ५००हून अधिक बनावट सर्टिफिकेटे काढली, त्यांत गूगलच्या नावाचेही होते. सर्टिफिकेट देणारे सगळे सर्व्हर एकाच विंडोज डोमेनमध्ये होते. एका पासवर्डात सगळे हाती! त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीचे दिवाळे निघाले.

भारतात कॉमन क्रायटेरियाची योजना एसटीक्यूसी संचालनालय चालवते. २०१३पासून आपल्या देशाला हे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार आहे.