पिल्लाला हात लागला म्हणून आई-बाप त्याला टाकत नाहीत

महाराष्ट्रातील बहुतेक परिचित पक्ष्यांचा विणीचा हंगाम उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या मध्यापर्यंत चालतो आणि या काळात पक्षिनिरीक्षकांना एक प्रश्न दरवर्षी हटकून विचारला जातो: अंगणात पिल्लू पडले आहे, त्याला माणसाचा हात लागला आहे, आता आई-बाप त्याला जवळ करणार नाहीत, तर ते वाढवायचे कसे? माणसाचा स्पर्श झालेल्या पिल्लाला पक्षी टाकून देतात, हे या प्रश्नामागचे गृहीतकच निखालस चुकीचे आहे; तरीही ते इतक्या खात्रीने सांगितले जाते, आणि तेही गळ्यात दुर्बीण असलेल्यांकडून, की त्याचे खंडन पुनःपुन्हा करणे भाग पडते.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या वायथम वनात ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्याचा अभ्यास १९४७ पासून अखंड चालू आहे. तेथे लाकडी घरटेपेट्यांतील पिल्ले बाहेर काढून त्यांचे वजन केले जाते, त्यांच्या पायात क्रमांक कोरलेले कडे अडकवले जाते, ती परत ठेवली जातात आणि त्यानंतर आई-बाप चोचीत अळ्या घेऊन पूर्ववत येऊ लागतात. स्पर्शाने पिल्ले टाकली जात असती, तर हा अभ्यास पहिल्याच हंगामात बंद पडला असता.

या गैरसमजाचे खंडन करताना ‘पक्ष्यांना वास येतच नाही’ असे जे सांगितले जाते, तेही खरे नाही. बेट्सी बँग आणि स्टॅन्ली कॉब यांनी १९६८ मध्ये पक्ष्यांच्या १०८ जातींमधील गंधपिंडाचे, म्हणजे वासाचे ज्ञान करून देणाऱ्या मेंदूच्या भागाचे, तुलनात्मक मोजमाप प्रसिद्ध केले. किवी आणि खुल्या समुद्रावर राहणारे पेट्रेल यांच्यात तो मोठा, तर चिमणी-साळुंकीच्या गणात लहान आढळला. म्हणून वास येत असला, तरी त्यावरून पिल्लू नाकारले जात नाही, एवढेच विधान योग्य ठरते. पिल्लाची हाक आणि भरवण्यासाठी उघडलेली चोच यांना आई-बाप प्रतिसाद देतात.

या एका समजापायी दोन उलटसुलट अपाय होतात, आणि त्यामुळेच त्याची चीड येते. पहिला अपाय असा की पंख फुटलेले पिल्लू अनाथ समजून घरी नेले जाते. बुलबुलाची पिल्ले साधारण दोन आठवड्यांत घरटे सोडतात, पण तेव्हा त्यांना नीट उडता येत नसते: शेपूट आखूड, चोचीच्या कोपऱ्यांशी पिवळसर मांसल कडा, बुडाखाली लाल रंगाऐवजी फिकी छटा आणि डोक्यावर अजून विरळ लव. अशा अवस्थेत ते कुंडीमागे किंवा झुडपात काही दिवस काढते आणि आई-बाप त्याला तेथेच येऊन भरवतात, मात्र माणूस शेजारी उभा असेपर्यंत ते खाली उतरत नाहीत, म्हणून पाहणाऱ्याला पिल्लू पोरके वाटते. त्याला उचलणे म्हणजे ते पळवणेच होय. मांजर किंवा रहदारी यांचा धोका असेल, तर जवळच्या झुडपात ठेवून दूर व्हावे. दुसरा अपाय याच्या उलट आहे. पिसे न फुटलेले उघडे पिल्लू खरोखरच खाली पडलेले असते, तरी ‘हात लागेल’ या भीतीने कोणी ते उचलत नाही आणि ते मुंग्यांच्या तोंडी जाते. ते हलकेच घरट्यात ठेवावे. घरटे मोडले असेल, तर तळाला भोके असलेली लहान टोपली वाळके गवत घालून त्याच फांदीवर बांधावी.

पक्षी घरटे सोडून जातात, हे मात्र खरे आहे. विशेषतः घरटे बांधताना किंवा अंडी उबवण्याच्या सुरुवातीला वारंवार त्रास झाला, छायाचित्रासाठी आडोशाच्या फांद्या छाटल्या गेल्या किंवा माणसांच्या वावरामुळे कावळ्यांचे लक्ष वेधले गेले, तर सगळी वीण वाया जाऊ शकते. बोटाच्या वासाला दोष देणाऱ्यांनी घरट्यापुढे तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या कॅमेऱ्यांचा विचार आधी करावा.

बाकीच्या समजांना थोडक्यात उत्तर पुरेसे आहे. पिल्लाला दूध-पाव देऊ नये, कारण दुधातील शर्करा पक्ष्यांना पचत नाही. चोचीत पाण्याचे थेंबही सोडू नयेत, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असल्याने पाणी फुप्फुसात जाते. चातक केवळ पावसाच्या पाण्यावर जगत नाही, तो सुरवंट आणि कीटक खातो. सुगरण पक्ष्याचे घरटे मादी नव्हे, नर विणतो, आणि एकच नर एकापाठोपाठ अनेक घरटी विणून अनेक माद्यांशी जोडी जमवतो, हे सालिम अली यांनी रायगड जिल्ह्यातील किहीम येथे १९३० मध्ये केलेल्या निरीक्षणांतून दाखवून दिले. गरुड चाळिशीत स्वतःची चोच फोडून नवा जन्म घेतो, ही मोबाइलवर फिरणारी कथा तर पूर्णपणे कपोलकल्पित आहे, कारण चोच मोडलेला शिकारी पक्षी उपासमारीने मरतो.

रक्तस्राव होत असलेले, पंख लोंबणारे किंवा मांजराने पकडलेले पिल्लू मात्र उपचाराविना सोडू नये. ते हवेशीर खोक्यात, अंधारात व शांत जागी ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे; वन्य पक्षी घरी पाळणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे.