साठी, बुद्धी आणि शाळा

मुळशी तालुक्याचे एक टोक हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान नगरीत आहे, दुसरे ताम्हिणी घाटाच्या पावसात. त्या दुसऱ्या टोकाची एखादी वृद्धा चुलीवर दूध ठेवून विसरते, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारते, तेव्हा घरचे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळे होतात. म्हण सोयीची आहे. खरी मात्र नाही. स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा धर्म नव्हे, मेंदूचा रोग आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना तो जडला आहे. पुरुषांहून स्त्रियांत आणि शहरांहून खेड्यांत अधिक.

असे का व्हावे? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये आवर घालता येण्याजोगी चौदा कारणे नोंदविली. त्यांत रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, अधू दृष्टी, एकाकीपणा आहे. दूषित हवा आहे (चुलीचा धूर तिच्यातच धरावा). आणि बालपणीचे अपुरे शिक्षणही आहे. १९५१ च्या जनगणनेत देशातील शंभरांत नऊ स्त्रियाही साक्षर नव्हत्या. त्या वेळी पाटी हाती धरण्याच्या वयात असलेल्या मुली आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची हुकलेली शाळा आता भरविता येणार नाही. पण रक्तदाब मोजता येतो, मोतीबिंदू काढता येतो, कानाला यंत्र लावता येते. त्यासाठी म्हातारीला पौडच्या रुग्णालयापर्यंत नेणारे कोणी घरी असावे लागते, आणि मुलगा तर पिरंगुटच्या कारखान्यात पाळीवर गेलेला असतो.