चोखोबांचा प्रश्न आणि जलशाचे उत्तर

बुलढाणा जिल्ह्याचे नाव निघाले की सिंदखेड राजा, म्हणजे जिजाऊसाहेबांचे माहेर, बहुतेकांना आठवते. त्याला लागूनच असलेल्या देऊळगाव राजा तालुक्यात मेहुणा राजा नावाचे गाव आहे. संत चोखामेळा यांचा जन्म येथे झाला, अशी परंपरा आहे. अन्यायाविरुद्ध लोकांनी गायिलेल्या गीतांविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत. त्यांचा आरंभ मी या गावापासून करतो. कारण मराठीतील अशा गीतांचा माग काढीत गेले असता आपण चोखोबांच्या घराशी येऊन पोचतो.

‘घराशी’ असे मी मुद्दाम म्हणतो. चोखोबा, त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा ही पाचही माणसे अभंग रचीत असत. त्यांच्या अभंगांत भक्ती तर आहेच. पण तिच्या जोडीला एक बोचरा प्रश्नही आहे. सर्वांचे देह एकाच रीतीने उत्पन्न होतात, तर मग सोवळा कोणी आणि ओवळा कोणी ठरविला? चोखोबा पुष्कळदा आपल्या जन्माचा दोष पूर्वकर्मावर घालतात, हेही खरे आहे. कर्ममेळा मात्र बापापेक्षा तिखट आहे. असा जन्म देऊन तू काय साधलेस, असा जाब तो देवालाच विचारतो.

१३३८ साली मंगळवेढे येथे गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबांचा अंत झाला. त्यांची समाधी पंढरपुरास विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर आहे. त्यानंतर शेकडो वर्षे अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याची वाट त्या समाधीपाशीच संपत असे. लाखो मुखांनी चोखोबांचे अभंग गायिले, टाळ-मृदंगाच्या गजरात माना डोलल्या. पण दार काही उघडले नाही.

तेव्हा साहजिकच शंका येते की, गीताने समाज बदलतो हे म्हणणे पोकळ तर नव्हे? मला वाटते, या शंकेचे उत्तर एका साध्या गोष्टीत आहे. गीत कोणाला उद्देशून गायिले आहे, हे पाहिले पाहिजे. चोखोबांचा प्रश्न देवाला होता. ऐकणाऱ्याने भक्तिभावाने डोळे मिटले की त्याचे काम संपले; जाब देण्याची जबाबदारी विठ्ठलावर गेली.

एकोणिसाव्या शतकात हा रोख बदलला. जोतीराव फुले यांनी १८६९ साली शिवाजीमहाराजांचा पवाडा रचला आणि १८७३ साली सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्यांनी रचलेल्या पद्यांना ‘अखंड’ म्हणतात. त्यांची घडण अभंगाच्या जवळची आहे. पण त्यांतील बोलणे माणसाशी आहे. माणसाने माणसाशी कसे वागावे, हा त्यांचा विषय. जुन्या साच्यातून नवे नाणे पडावे तसा हा प्रकार होता.

त्यांच्या अनुयायांनी पुढचे पाऊल टाकले. १९३१ च्या शिरगणतीतसुद्धा हिंदुस्थानात शेकडा दहाही लोक साक्षर निघाले नाहीत. अशा समाजात पुस्तके आणि वर्तमानपत्रे किती जणांपर्यंत पोचणार? म्हणून सत्यशोधकांनी तमाशाचा सांगाडा उचलला. ढोलकी तीच, तुणतुणे तेच, झील धरणारे सोबती तेच. गण आणि वग हे भागही ठेवले. फक्त आतला मजकूर पालटला. राजाराणीच्या कथेऐवजी वगात सावकार, भट, कुलकर्णी आणि अंगठा उठविणारा अडाणी शेतकरी उभे राहिले. आपल्याच घरातली फसवणूक रंगमंचावर पाहताना शेतकरी प्रथम हसे आणि मग अंतर्मुख होई. यालाच सत्यशोधकी जलसा म्हणत. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत वऱ्हाडातही या चळवळीचे वारे खेळू लागले होते. जोतीरावांचे पहिले मोठे चरित्र १९२७ साली लिहिले ते आमच्याच जिल्ह्यातील सत्यशोधक पंढरीनाथ पाटील यांनी, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. तदनंतरच्या काळात नाशिककडील भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे शाहीर आंबेडकरी जलसे घेऊन गावोगाव हिंडू लागले. येथे गीताचा रोख तिसऱ्यांदा बदलला. हे शाहीर देवाची विनवणी करीत नव्हते आणि वरच्या वर्गाची मनधरणीही करीत नव्हते. ते आपल्याच बांधवांना सांगत की, मुलांना शाळेत घाला, मृत जनावराचे मांस सोडा, हलकेपणाची कामे नाकारा, मान वर करून चला. ज्याच्यावर अन्याय होतो त्यालाच गीताने हाक घातली, आणि हाकेला ओ देणेही त्याच्या हाती ठेवले. पुढे वामनदादा कर्डक यांनी २००४ साली झालेल्या आपल्या मृत्यूपर्यंत हीच परंपरा चालविली.

असाच पालट सातासमुद्रापलीकडेही घडलेला दिसतो. अमेरिकेतील नीग्रो समाजाच्या प्रार्थनामंदिरात एक भजन गात असत. त्यात ‘मी’ एके दिवशी संकटावर मात करीन, असा भाव होता. १९४५-४६ च्या सुमारास चार्ल्सटन येथील तंबाखूच्या कारखान्यातील संपकरी कामगार स्त्रियांनी ते गायिले, तेव्हा ‘मी’च्या जागी ‘आपण’ आले. तेच ‘वुई शॅल ओव्हरकम’ हे गीत १९६० नंतरच्या नागरी हक्कांच्या चळवळीत हजारो कंठांतून उमटले. एका सर्वनामाच्या फेरफाराने भजनाची चळवळ झाली.

मात्र गीताला त्याच्या वाट्यापेक्षा अधिक श्रेय देऊ नये. महाडच्या तळ्याचा वाद न्यायालयात दहा वर्षे चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. पंढरपूरचे दार उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. चोखोबांच्या मृत्यूनंतर सहाशे नऊ वर्षांनी हे घडले. कायदा, संघटना आणि त्याग यांची कामे गीत करू शकत नाही. परंतु एकट्यादुकट्याच्या मनातील दुःख हे सर्वांचे आहे, ही ओळख गीत करून देते. आणि चारचौघांत जे बोलावयास माणूस भितो, ते तो चारचौघांबरोबर गाऊ शकतो. भीती मोडल्यावाचून संघटना उभी राहत नाही.

बाबासाहेबांनी चोखोबांचा विनवणीचा मार्ग स्वीकारला नाही. तरीही १९४८ साली प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांविषयीचा आपला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघा संतांच्या स्मृतीस अर्पण केला. प्रश्न विचारणाऱ्याचा मान त्यांनी ठेवला आणि उत्तर मात्र आपण शोधले.

श्रोतेहो, आपल्या घरात आजही आषाढी-कार्तिकीला चोखोबांचे अभंग लागतात. चाल गोड असते, गळा गोड असतो, आणि त्या गोडीत शब्द निसटून जातात. येत्या एकादशीला ते शब्द एकवार नीट ऐकावेत आणि घरातील मुलांना त्यांचा अर्थ सांगावा. घरकामाला येणाऱ्या बाईंचा कप आपल्या स्वयंपाकघरात वेगळा ठेवलेला असेल, तर तो प्रश्न आता विठ्ठलासाठी उरलेला नाही, तो आपल्याला आहे.