वैरागडचा हिरा आणि रत्नपारखी

गडचिरोली जिल्ह्यांतील आरमोरी तालुक्यांत वैरागड नांवाचें गांव आहे. खोब्रागडी व सतनाला या नद्यांच्या संगमाजवळचा तेथील किल्ला आज पडक्या स्थितींत आहे. परंतु सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’त या स्थळाची नोंद केली, ती हिऱ्यांच्या खाणीमुळें. हा मुलूख तेव्हां चांद्याच्या गोंड राजांकडे होता. ती खाण केव्हांच बंद पडली. तथापि, श्रोतेहो, चांद्याकडील एखाद्या जुन्या घरीं आपण गेलांत, तर पेटींतून दागिना काढून “हा वैरागडचा हिरा बरें का,” असें सांगणारें कोणी ना कोणी भेटतेंच.

आमच्या घरींही तशी एक अंगठी होती. तिच्यांतील तीन खडे मीं इतिहासाच्या तासाला मोठ्या अभिमानानें वर्गांत दाखविलेही होते. धाकट्या मुलीच्या लग्नाच्या वेळीं ती विकावयास काढली, तेव्हां एका दुकानदारानें सांगितलें, “मास्तर, तोडून सोनें वजनावर घेतों, खडे परत घेऊन जा.” मन घेईना, म्हणून मीं नागपुरास जुन्या दागिन्यांच्या एका पारख्याकडे गेलों.

त्यांनीं कानस घेतली नाहीं कीं तेजाब काढलें नाहीं. प्रथम अंगठी उलटी करून मागची बाजू बराच वेळ पाहिली. जुन्या कुंदनकामांत खड्याची मागील बाजू बंद असते. खाली डाक, म्हणजे चकचकीत धातूचा पातळ पत्रा, घालून कडेनें शुद्ध सोन्याच्या मऊ पट्ट्या दाबीत खडा बसवितात. प्रकाश त्या पत्र्यावरून परततो, आणि साधा खडाही तेजस्वी दिसतो. कोंदण उकललें कीं हवा व ओल शिरून डाक काळवंडतो. म्हणून जाणता पारखी कोंदणास सहसा हात लावीत नाहीं.

मग दहापट मोठें दाखविणारें भिंग डोळ्यास लावून त्यांनीं पैलूंच्या कडा तपासल्या. हिऱ्याहून कठीण असा नैसर्गिक पदार्थ व्यवहारांत नाहीं, त्यामुळें पिढ्यान् पिढ्या वापरूनही त्याच्या कडा सहसा झिजत नाहींत. आमच्या खड्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. त्यांनीं खड्यावर श्वास सोडला. हिरा उष्णता झपाट्यानें वाहून नेतो, त्यामुळें त्यावरील वाफ क्षणांत जाते. आमच्या खड्यावर ती रेंगाळली. त्यानंतर उष्णता मोजणाऱ्या सुईच्या उपकरणानेंही तोच निर्वाळा दिला. “हिरा नव्हे, स्फटिक आहे,” ते म्हणाले. माझा चेहरा पाहून त्यांनीं पुढें सांगितलें, कीं घडण अस्सल जुनी असून मागील मीनाकाम कोणीं डागडुजी न केलेलें आहे, आणि सोन्याच्या भावापेक्षां त्याचेंच मोल अधिक आहे.

खरा हिरा घणाखालीं फुटत नाहीं, या समजुतीनें कित्येकांनीं आपले हिरे फोडून घेतले असतील. ओरखडा न उमटणें निराळें आणि आघात सोसणें निराळें; हिरा ठराविक चार दिशांनीं दुभंगतो.

पारख्यास इतिहासही यावा लागतो. मनुष्यकृत माणकाची व्हर्न्यूइलची कृति 1902 सालीं प्रसिद्ध झाली, आणि गोल संवर्धित मोतीं बाजारांत आलीं तीं 1920 च्या सुमारास. तेव्हां ‘पेशवाई’ म्हणून दाखविलेल्या नथींत असें मोतीं निघालें, तर एक तर नथ नवी, अथवा मोतीं मागाहून बदललेलें. मोत्याचें अंतरंग क्ष-किरणांनीं दिसतें, डोळ्यांनीं नव्हे.

नव्या रूपासाठीं जुनें मोडण्याचा मोह थोरांनाही आवरला नाहीं. परंपरेनें त्र्यंबकेश्वराचा मानलेला नासक हिरा 1818 सालीं इंग्रजांच्या हातीं पडला, तेव्हां तो सुमारें 90 कॅरटांचा होता. लंडनांत व पुढें 1940 सालीं न्यूयॉर्कांत पुन्हां पैलू पाडल्यावर तो 43.38 कॅरट उरला. चमक वाढली खरी. पण हिंदी कारागिराचा हात त्यावरून कायमचा पुसला गेला.

मीं विचारलें, “समजा, हिराच निघता, तर वैरागडचा ठरला असता काय?” ते हंसले. नुसत्या रूपावरून हिऱ्याची खाण सांगतां येत नाहीं. त्यास घराण्याची यादी, सराफाची वही, असा लेखी पुरावा लागतो. आणि 1854 मध्यें नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर भोसल्यांचें जवाहीरच जेथें लिलावांत गेलें, तेथें इतरांच्या याद्या कोण जपणार? त्यांनीं हेंही बजाविलें, कीं शंभर वर्षांहून जुना दागिना 1972 च्या कायद्यान्वयें पुरावस्तु ठरूं शकतो व तो कोणास खासगी रीतीनें परदेशीं धाडतां येत नाहीं.

त्यांनीं ठराविक मेहनताना घेतला. किंमतीवर शेंकडा घेणारा पारखी टाळावा, असें त्यांचें स्वतःचेंच मत. अंगठी मीं विकली नाहीं. ती मुलीकडे आहे, आणि डबींत त्यांच्या हातची चिठ्ठी आहे: स्फटिक, तीन, कुंदन, जुनें. ज्या मुलांना मीं ती वर्गांत हिऱ्याची म्हणून दाखविली, तीं आतां चाळिशी ओलांडून गेलीं असतील. त्यांतील कोणी हें भाषण ऐकत असेल, तर त्यानें आपल्या वहींतील नोंद दुरुस्त करून घ्यावी.